हासळीवरची गाठ : टीबी समजून गेलेले चार महिने आणि त्यानंतरच्या बारा केमो

रुग्ण पुरुष, वय २२. गाव बीड जिल्ह्यात. राहायला पुण्यात, सदाशिव पेठेत, तिघांत एक खोली, कॉट बेसिसवर. सकाळी सात ते रात्री दहा अभ्यासिका, दोन वेळा मेस, एमपीएससीचा तिसरा प्रयत्न. व्यसन नाही. मार्चमध्ये दाढी करताना डाव्या हासळीच्या हाडावर सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. सोबत संध्याकाळची कणकण आणि कोरडा खोकला.

हे प्रकरण कुणा एका रुग्णाचं नाही. या वयात हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कर्करोग, झालेल्यांच्या बाबतीत वरचेवर घडणाऱ्या गोष्टी एका काल्पनिक माणसावर रचल्या आहेत. म्हणून त्यात नाव नाही की रुग्णालयाची ओळख नाही. औषधं, डोस आणि उपचाराचे नियम मात्र प्रत्यक्ष वापरातले आहेत. आजारही मुद्दाम निवडला आहे. हॉजकिन्स बहुतांश रुग्णांत बरा होतो, त्याची मूळ चार औषधं १९७० च्या दशकापासून वापरात आहेत आणि पुण्यात सहज मिळतात. तरीही उपचार जागोजागी अडतो. जिथे अडतो त्या जागा बहुतेक वेळा औषधाच्या नसतातच.

१५ ते ३९ हा वयोगट कर्करोगात वेगळा धरतात. आपल्याकडे बऱ्याच सरकारी रुग्णालयांत बालरोग विभागाचं दार बाराव्या-चौदाव्या वर्षी बंद होतं आणि पोरगा थेट साठीच्या माणसाशेजारच्या खाटेवर येतो. लहान मुलाचं सगळं आईबाप बघतात, प्रौढाचं तो स्वतः किंवा बायको बघते. बावीस वर्षांचा, घरापासून लांब, कमावता नसलेला मुलगा यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याला परीक्षा कधी आहे, ताप आला तर रात्री कोण आणणार, पुढे मूल हवं असेल तर काय, हे विचारणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

मार्च ते जून

पेठेतल्या डॉक्टरांनी आधी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. त्यात चूक नाही. गाठ बसली नाही म्हणून सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, केली. रिपोर्ट आला ‘ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस’, म्हणजे गाठीत सुजेच्या पेशींचे पुंजके (ग्रॅन्युलोमा). एएफबी निगेटिव्ह, म्हणजे टीबीचा जंतू दिसला नाही. वय बावीस, खोलीत तिघे, खाणं मेसचं, रात्री घाम, वजन उतरतंय. टीबीचा कोर्स सुरू झाला, रोज चार गोळ्या.

भारतात मानेची गाठ पाहून आधी टीबी आठवणं रास्तच आहे. चूक पुढे झाली. ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबी असं समीकरण मांडलं गेलं. हॉजकिन्सच्या गाठीतही ग्रॅन्युलोमा दिसू शकतात. या आजाराची खरी कर्कपेशी, रीड-स्टर्नबर्ग, गाठीत साधारण शंभरात एखादीच असते. बाकी सगळी लिम्फोसाइट, इओसिनोफिल वगैरे पेशींची गर्दी. सुईत ती गर्दीच येते. जंतू दिसला नव्हता, तर त्याच सुईतला थोडा ऐवज सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूचं जनुक शोधणाऱ्या चाचणीला, पाठवायला हवा होता. तो गेला नाही. छातीचा एक्स-रेही काढला गेला नाही. काही शे रुपयांच्या त्या फिल्मवर छातीच्या मधोमध रुंदावलेली सावली मार्चमध्येच दिसली असती.

दोन महिने गोळ्या घेऊन गाठ लिंबाएवढी झाली. औषध सुरू केल्यावर टीबीची गाठ कधीकधी आधी वाढते, हे खरं आहे. त्या समजुतीनं जूनमध्ये स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. दहा दिवसांत गाठ निम्मी, ताप गायब, भूक जोरात. घरी आनंदीआनंद. या प्रकरणातलं सगळ्यात महाग वळण हेच. स्टिरॉइडनं लिम्फोमाही तात्पुरता वितळतो आणि त्या काळात बायोप्सी केली तर नमुन्यात निदान करण्याजोगं काही उरत नाही. गोळ्या थांबल्यावर तीन आठवड्यांत गाठ परत आली, या वेळी मानेच्या दोन्ही बाजूंना. आडवं पडलं की खोकला. वजन जानेवारीत ६४ किलो होतं, जूनअखेर ५६. सहा महिन्यांत साडेबारा टक्के घट. दहा टक्क्यांच्या वर घट, ३८ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप आणि बनियन पिळून काढावं असा रात्रीचा घाम, यातलं एक लक्षण असलं तरी स्टेजपुढे ‘बी’ लागतो. इथे तिन्ही होती.

गाठ हासळीच्या वर असेल, दीड-दोन सेंटिमीटरहून मोठी आणि रबरासारखी असेल, चार ते सहा आठवडे टिकली असेल, तर सुईवर थांबू नये. गाठ पूर्ण काढून तपासावी. आणि बायोप्सी होईपर्यंत स्टिरॉइडला हात लावू नये. अंगाला विनाकारण खाज सुटणं हीसुद्धा हॉजकिन्सची खूण असते. आपल्याकडे ती हमखास ‘हॉस्टेलच्या पाण्याची’ म्हणून निकालात निघते.

गाठ काढणं

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मानेतली सर्वांत मोठी गाठ अख्खी काढली. हाताला सोपी लागते म्हणून काखेतली किंवा जांघेतली गाठ काढण्याचा मोह टाळावा. तिथल्या गाठी कुठल्याही खरचटण्यानं सुजतात आणि रिपोर्ट ‘रिअॅक्टिव्ह’, म्हणजे नुसती सूज, असा येतो. भूल जागेवरचीच दिली, पूर्ण नाही. छातीत मोठी गाठ असलेल्या रुग्णाला आडवं करून पूर्ण भूल दिली तर श्वासनलिका दाबली जाऊ शकते. म्हणून मानेची गाठ काढण्याआधीही छातीचा एक्स-रे भूलतज्ज्ञाच्या हातात असायला हवा.

गाठीचे टेबलावरच दोन भाग केले. मोठा भाग १० टक्के फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला, छोटा तुकडा साध्या सलाईनमध्ये सीबीनॅट आणि टीबीच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला. ही साधी वाटणारी गोष्ट सतत बिघडते. अख्खी गाठ फॉर्मलिनमध्ये पडली की जंतू मरतो आणि कल्चर कायमचं हुकतं. अख्खी गाठ सलाईनमध्ये रात्रभर राहिली की पेशी सडतात. बाटल्या दोन आणि चिठ्ठ्या दोन, हे शस्त्रक्रियेआधी सिस्टरशी बोलून ठरवायचं. नंतर कुणाला वेळ नसतो.

रिपोर्ट बारा दिवसांनी आला: क्लासिकल हॉजकिन्स लिम्फोमा, त्यातला नोड्युलर स्क्लेरोसिस हा प्रकार. सीडी३० आणि सीडी१५ पॉझिटिव्ह, पॅक्स५ फिकट, सीडी४५ निगेटिव्ह, म्हणजे पेशींच्या खुणाही हॉजकिन्सच्याच. सीबीनॅट निगेटिव्ह. टीबीच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवरची नोंद दुरुस्त करून घेतली आणि कल्चरच्या ४२ दिवसांची वाट न पाहता पुढे गेलो. कल्चरही पुढे निगेटिव्हच आलं. रिफाम्पिसिन थांबवलं तरी यकृतावरचा त्याचा परिणाम साधारण दोन आठवडे राहतो. त्या काळात बरीच औषधं, त्यात उलटीवरचीही आली, शरीरातून लवकर निघून जातात. पहिल्या केमोला उलट्या जास्त झाल्या तर याची आठवण ठेवावी.

पेट-सीटीत, म्हणजे आजाराच्या जागा चमकून दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, मान दोन्ही बाजूंनी आणि छातीचा मध्यभाग. तिथली गाठ छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून मोठी, म्हणजे ‘बल्की’. पोटात, हाडांत काही नाही. स्टेज दोन-बी.

‘लेकराला सांगू नका’

वडील गावाहून आले, केबिनच्या बाहेरच डॉक्टरांना गाठलं. “साहेब, लेकराला काही सांगू नका. खचून जाईल. टीबीच हाय म्हणा.” पोरगा आत बसला होता आणि त्यानं रिपोर्टवरचे शब्द मोबाइलवर आधीच शोधले होते.

बावीस वर्षांच्या माणसाची संमती त्याचीच लागते, वडिलांची सही पुरत नाही. हा कायद्याचा भाग झाला. व्यवहाराचा भाग असा, की टीबी म्हणून केमो देता येत नाही. केस गळणार, बारा वेळा यावं लागणार, ताप आला की धावावं लागणार. ज्याला आजार माहीत नाही तो रात्री एक वाजता १०१ तापात पॅरासिटामॉल घेऊन झोपणार. वडिलांना बाजूला घेऊन एवढंच विचारलं: “तो तुम्हाला रोज फोनवर बरा आहे म्हणून सांगतो. तुम्हाला खरं वाटतं?” ते गप्प बसले. मग दोघांना समोरासमोर बसवून आजाराचं नाव घेतलं. मुलाचा पहिला प्रश्न बरा होईन का, हा नव्हता. “आण्णा, विहिरीचं काम थांबवू नका” असं म्हणाला. पैशाची काळजी आधी येते, हे या वयात वारंवार दिसतं.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जायचं आणि केमो सुरू होण्याआधी मंजुरी घ्यायची. आधी उपचार आणि मग कागद असं केलं की खिशातले पैसे परत मिळवणं अवघड. इथे नाव रेशनकार्डावर होतं, पण आधारवरचं आणि कार्डावरचं स्पेलिंग जुळेना. पाच दिवस तहसीलमध्ये गेले. निदानाची नुसती शंका आली त्याच दिवशी कार्ड तपासायला सांगितलं असतं तर ते पाच दिवस वाचले असते. पेटसारखी कोणती तपासणी योजनेत बसते आणि कोणती नाही, हेही आरोग्यमित्राकडून आधी लिहून घ्यावं.

जो विषय कुणी काढत नाही

एबीव्हीडी, म्हणजे वर म्हटलेल्या मूळ चार औषधांच्या केमोनं वंध्यत्व येण्याची शक्यता कमी असते. म्हणून बरेच डॉक्टर वीर्य साठवण्याचा विषयच काढत नाहीत. इथे तो दोन कारणांसाठी काढला. एक, आजार अंगात मुरलेला आणि ताप असलेल्या तरुणांत शुक्राणू आधीच कमी असतात. दोन, दोन महिन्यांनंतरच्या पेटमध्ये आजार शिल्लक दिसला तर ज्या जोरकस उपचाराकडे वळावं लागतं त्यातली औषधं बीज खरोखर जाळतात. तेव्हा साठवायला वेळ नसतो. केमो सुरू झाल्यावर नमुना घेणंही टाळतात.

वडील, मामा आणि सिस्टर यांच्यासमोर विचारल्यावर मुलगा “नको, गरज नाही” म्हणाला. अपेक्षितच होतं. दुसऱ्या दिवशी समुपदेशकानं एकट्याला, दार लावून, पाच मिनिटांत सांगितलं: काय करायचं, कुठे जायचं, किती वेळ लागतो, कुणाला कळणार नाही. तयार झाला. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचे रिपोर्ट लागतात. ते केमोआधी करायचेच असतात, तेच वापरले. दोन-तीन दिवसांच्या संयमानंतर पहिला नमुना, दोन दिवसांनी दुसरा. पहिल्यात मिलिलिटरला ६० लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेची खालची संदर्भमर्यादा १ कोटी ६० लाख आहे. कमी, पण गोठवण्याजोगे. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवले. बँक नोंदणीकृत आहे ना, आणि दरवर्षीचं शुल्क किती, हे त्याच दिवशी विचारायचं. पुढे पैसे भरायचे राहून नमुना गेला असं व्हायला नको. या सगळ्यात केमो चार दिवस पुढे गेली. तेवढे दिवस या आजारात परवडतात. मुलगी असती तर बीजांड गोठवायला साधारण दोन आठवडे लागले असते आणि छातीत एवढी मोठी गाठ असताना तो हिशेब वेगळाच मांडावा लागला असता.

बारा वेळा, पंधरवड्यातून एकदा

उंची १७० सेंटिमीटर, वजन ५६ किलो, शरीराचं क्षेत्रफळ १.६३ चौरस मीटर. प्रत्येक वेळी डॉक्सोरुबिसिन २५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे ४० मिलिग्रॅम. ब्लिओमायसिन १० युनिट प्रति चौरस मीटर, म्हणजे १६ युनिट. व्हिनब्लास्टिन ६ प्रमाणे १० मिलिग्रॅम. डकार्बाझिन ३७५ प्रमाणे ६०० मिलिग्रॅम. दोन वेळा मिळून एक सायकल, एकूण सहा सायकल. आधी इको आणि फुप्फुसांची क्षमता मोजली, कारण पहिलं औषध हृदयाला आणि दुसरं फुप्फुसाला लागतं.

डकार्बाझिन प्रकाशात बिघडतं, म्हणून बाटलीला आणि नळीला काळं आवरण. शिरेत ते जळजळतं. हाताच्या शिरेतून दिलं की चार-पाच वेळांनंतर शिरा दोरीसारख्या कडक होतात. बारा वेळा द्यायचं म्हणून दंडात पिक लाइन, म्हणजे मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी, घातली. पिक लाइनला आठवड्यातून एकदा ड्रेसिंग आणि १० मिलिलिटर सलाईनचा फ्लश लागतो, तोही १० मिलिलिटरच्याच सिरिंजनं. लहान सिरिंजनं दाब वाढतो आणि नळी फुटू शकते. सामायिक न्हाणीघरात बादलीची अंघोळ, दंडाला स्वयंपाकघरातला प्लॅस्टिक रॅप गुंडाळून, वर कागदी टेप. ड्रेसिंग ओलं झालं तर उद्यावर टाकायचं नाही. औषध शिरेबाहेर सांडलं तर शेक वेगवेगळा: डॉक्सोरुबिसिनला थंड, व्हिनब्लास्टिनला गरम. उलटं केलं तर जखम चिघळते. डे-केअरच्या भिंतीवर हा कागद लावलेला असावा.

लघवी लाल होणार, असं पहिल्याच दिवशी सांगितलं. तो हसला. चार महिने रिफाम्पिसिन खाल्लेल्याला त्याचं काय नवल.

दुसऱ्या केमोच्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ७५० निघाले. ताप नव्हता. डे-केअरमधल्या निवासी डॉक्टरांनी ‘काउंट कमी, आठ दिवसांनी या’ लिहिलं. इतर बऱ्याच केमोंत ते बरोबर ठरलं असतं. एबीव्हीडीत नुसते न्यूट्रोफिल कमी आहेत म्हणून डोस ढकलत नाहीत आणि कमीही करत नाहीत. वेळापत्रक सैल पडलं की बरं होण्याची शक्यता घटते. काउंट वाढवणारं इंजेक्शनही इथे सहज द्यायचं नसतं, ब्लिओमायसिनसोबत ते फुप्फुसाचा धोका वाढवतं. वरिष्ठांना फोन झाला, त्याच दिवशी पूर्ण डोस गेला. त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहिलं: ‘ताप नसेल तर काउंट पाहून थांबवू नये’.

तिसऱ्या वेळी एएलटी, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, १९०. बिलिरुबिन ठीक होतं, म्हणून डोस बदलला नाही. टीबीच्या गोळ्या बंद होऊन महिना झालेला. विचारल्यावर कळलं, आई गावाहून गुळवेलीचा काढा पाठवत होती, पोरगा रोज वाटीभर घेत होता. गुळवेलीमुळे यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले होते. काढा बंद केला, तीन आठवड्यांत एएलटी खाली आलं. आईला ‘असलं काही देऊ नका’ एवढंच म्हणून भागत नाही, तिला हातानं काहीतरी करायचं असतं. तिला शेंगदाण्याचे लाडू आणि घरचं तूप पाठवायला सांगितलं.

खाण्याचा प्रश्न मेसचा होता. कच्चं काहीच नको असा कडक आहार पाळून फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण सकाळी अकराला भरलेला डबा रात्री नऊला उघडणं हा धोका खरा आहे. मेसमालकाशी बोलून रात्रीची भाजी-पोळी तिथेच, गरम, खायची ठरलं. कोशिंबीर, उघड्यावरची चटणी, रस्त्यावरचा उसाचा रस आणि पाणीपुरी बंद. दही चालतं, पिशवीतल्या पाश्चराइज्ड दुधाचं असेल तर.

उलटीसाठी ओलान्झापिन १० मिलिग्रॅम दिलं होतं. चौथ्या केमोनंतर कळलं, तो ते घेतच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळे उघडत नाहीत आणि अभ्यास बुडतो. उलट्या परवडल्या म्हणाला. २.५ मिलिग्रॅम तेवढंच काम करतं आणि गुंगी कमी आणतं, हे टाटा मेमोरियलच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं आहे. डोस बदलला, नियमित घेऊ लागला.

विसर्जनाची रात्र

२५ ऑगस्टच्या सुमारास तिसरी केमो. पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात दहाव्या ते चौदाव्या दिवशी. बरोबर बाराव्या दिवशी अनंत चतुर्दशी. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता आणि केळकर रस्ता, चारही मिरवणुकीचे. सदाशिव पेठेतून गाडी बाहेर पडत नाही आणि १०८ आत येत नाही, तेही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. केमोची तारीख लिहितानाच समाजसेविकेनं कॅलेंडर पाहिलं आणि विसर्जनाच्या दोन दिवस आधी त्याला सिंहगड रस्त्याला मामाकडे हलवायला सांगितलं. पुण्यात पेठांतल्या प्रत्येक केमोच्या रुग्णासाठी हे करायला हवं. पालखीच्या दिवसांतही.

खोलीत आणि मामाकडे एकेक डिजिटल थर्मामीटर, भिंतीवर कागद. १००.४ फॅरनहाइट दिसलं की थेट रुग्णालय. आधी पॅरासिटामॉल नाही, ‘सकाळी बघू’ नाही. रुममेटलाही हेच पाठ करवलं होतं. रात्री साडेअकराला १०१.२. बाराच्या पुढे कॅज्युअल्टीत. न्यूट्रोफिल ३००. आल्यापासून तासाच्या आत पहिलं अँटिबायोटिक जायला हवं, ते ४० मिनिटांत गेलं, कारण त्याच्या हातात एक कार्ड होतं: आजार, केमोची तारीख, ‘न्यूट्रोपेनिया असू शकतो, रिपोर्टची वाट न पाहता पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम’. कार्ड नसतं तर रात्रपाळीच्या डॉक्टरांनी आधी डेंगी-मलेरियाचे रिपोर्ट मागवले असते. सप्टेंबरातल्या पुण्यात तीच शंका पहिली येते.

रक्ताचं कल्चर दोन ठिकाणचं घेतलं, पिक लाइनमधून आणि दुसऱ्या हाताच्या शिरेतून, एकाच वेळी. लाइनचं कल्चर दोन तास किंवा अधिक आधी पॉझिटिव्ह आलं तर दोष लाइनचा. इथे दोन्हींत काही उगवलं नाही. तीन दिवसांत ताप गेला, चौथी केमो तीन दिवस उशिरा, पूर्ण डोसनं.

दोन पेट

चौथ्या केमोनंतर, पाचव्याच्या तीन दिवस आधी, पेट. डोव्हिल गुण २. १ ते ३ म्हणजे चांगला प्रतिसाद, ४-५ म्हणजे आजार शिल्लक असण्याची शक्यता. इथून ब्लिओमायसिन काढून टाकलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राथल’ चाचणीत हे तपासलं होतं: दुसऱ्या सायकलनंतर पेट स्वच्छ आलेल्यांत ब्लिओमायसिन चालू ठेवलं तर तीन वर्षांनी ८५.७ टक्के आणि काढलं तर ८४.४ टक्के रुग्णांत आजार परतलेला नव्हता. फुप्फुसाचा त्रास मात्र काढलेल्यांत कमी. पेट स्वच्छ, म्हणून छातीवर रेडिएशनही नाही. पुढची चाळीस वर्षं जगायची असलेल्या माणसाच्या हृदयाला आणि फुप्फुसाला याचा फायदा मोठा.

याच टप्प्यावर गुण ४ आला असता तर? आपल्याकडे पेटमध्ये टीबीही चमकतो. उपचार जड करण्याआधी चमकणाऱ्या जागेची बायोप्सी शक्य आहे का, हे पाहायलाच हवं.

सातव्या केमोला तो आलाच नाही. फोन बंद. डे-केअरनं पुन्हा फोन केला सहा दिवसांनी. केमोच्या तिसऱ्या दिवशी त्याची पूर्वपरीक्षा होती. विचारलं तर डॉक्टर नाही म्हणतील या भीतीनं बोलला नाही. डोस नऊ दिवस लांबला. दोष त्याचा कमी, वेळापत्रकाचा जास्त. जुलैमध्येच परीक्षेची तारीख विचारली असती तर सगळी मालिका दोन-तीन दिवसांनी सरकवून केमो परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी आणता आली असती. त्यानंतर डे-केअरच्या वहीत दोन रकाने वाढले: ‘परीक्षा/नोकरी/लग्न, तारीख’ आणि ‘आला नाही, त्याच दिवशी फोन, दुसरा नंबर रुममेटचा’.

बारावी केमो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. डॉक्सोरुबिसिन एकूण ३०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. शेवटचं पेट सात आठवड्यांनी. आधीची जागा स्वच्छ, पण छातीच्या हाडामागे उलट्या ‘व्ही’ आकाराची हलकी चमक. रिपोर्टवर ‘रेसिड्युअल डिसीज नाकारता येत नाही’. मुलानं तो रिपोर्ट रिक्षात वाचला आणि थेट गावाची एसटी पकडली. ट्यूमर बोर्डानं, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून, फिल्म पाहिली: केमोनं आक्रसलेली थायमस ग्रंथी तरुणांत नंतर पुन्हा फुगते आणि पेटमध्ये चमकते. साठीच्या रुग्णांचेच रिपोर्ट पाहणाऱ्याला ते सहज सुचत नाही. सुई घातली नाही, उपचार वाढवला नाही. तीन महिन्यांनी सीटी केला, जागा तशीच, मऊ आणि त्रिकोणी. नियमित पेटची गरज नसते. दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. आजार परतलाच तर बहुतेक पहिल्या दोन वर्षांत.

पाकिटात राहील असं एक कार्ड लॅमिनेट करून दिलं, मराठीत आणि इंग्रजीत. डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस आणि पुढच्या इकोची तारीख. ब्लिओमायसिन चार वेळा, एकूण ६४ युनिट: पुढे कुठलंही ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगायचं, गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन नको. वीर्य बँकेचा नोंदणी क्रमांक आणि शुल्काचा महिना. आणि खाली ठळक अक्षरांत: रक्त किंवा प्लेटलेट द्यायची वेळ आली तर ‘इरॅडिएटेड’, म्हणजे किरण देऊन लिम्फोसाइट निष्प्रभ केलेली, असावी, आयुष्यभर. हॉजकिन्स झालेल्यांना साध्या रक्तातल्या जिवंत लिम्फोसाइटपासून दुर्मिळ पण जीवघेणा धोका असतो. अपघात गेवराईच्या रस्त्यावर होऊ शकतो आणि तिथल्या डॉक्टरांना हे कार्डच सांगणार आहे.